आधी डबी, मग गोळी

मे महिना लागला की आमच्या काउंटरवर एकच वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. "काही नाही जी, उन्हाळी लागली. पण डॉक्टरनं लघवी तपासाले सांगितलं." बाया हे खालच्या आवाजात सांगतात. मागच्या खुर्चीवर कोणी माणूस बसलेला असेल तर तेवढंही सांगत नाहीत. चिठ्ठीची बारीक घडी करून माझ्याकडे सरकवतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभ्या राहतात.

मी नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत कोणी "काय करता?" म्हणून विचारलं आणि मी खरं सांगितलं, की शेजारची बाई जरा सरकून बसते. बसू दे. थोड्या वेळानं हात धुवायच्या नळापाशी तीच मला हळूच गाठते, "ताई, माझ्या सुनेला नेहमी नेहमी होते, काय असंल हो?" म्हणून म्हटलं, लघवीच्या जळजळीबद्दल एकदा लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी घ्यायची ते सांगणार नाही. पण डॉक्टरकडे जाण्याआधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर जो गोंधळ होतो तो मी रोज पाहते, आणि त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा असतो.

उन्हाळी की इन्फेक्शन?

उन्हाळी लागणं ही काही थापा नाहीत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि घट्ट होते, मोहरीच्या तेलासारखी पिवळीजर्द दिसते आणि जाताना चुरचुरते. अशा वेळी घोटघोट करत पाणी, ताक, लिंबूपाणी प्यायलं की अर्ध्या दिवसात रंग उतरतो आणि चुरचुर थांबते. सब्जा, धण्याचं पाणी, काय घ्यायचं ते घ्या. गुण खरं म्हणजे त्यातल्या पाण्याचाच असतो.

इन्फेक्शनचं तसं नसतं. बाई पाणी पिऊन थकते, तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून पळते, आणि गेल्यावर चार थेंब येतात. शेवटच्या थेंबाला ओटीपोटात अशी कळ येते की दाराची कडी धरून उभं राहावं लागतं. बाहेर येऊन दोन मिनिटं होत नाहीत, तो परत लागल्यासारखं वाटतं. लघवी गढूळ दिसते, कधी लालसर असते. माझी स्वतःची मोजपट्टी साधी आहे. सकाळपासून दोन लिटर पाणी पोटात गेलं, लघवीचा रंग पाण्यासारखा झाला आणि तरीही संध्याकाळी तीच जळजळ, तर ती उन्हाची नाही.

"काल सावजीत जेवलो, त्यानंच असंल," हे तर नागपुरात पाठच आहे सगळ्यांना. सावजीच्या तिखटानं जे जळतं ते दुसऱ्या बाजूला जळतं, आणि दुसऱ्या दिवशी निवतं. तिखटातून जंतू येत नाहीत.

एक तिसरा प्रकार आहे, तो बाया यातच मिसळतात. लघवी बाहेर पडताना बाहेरच्या कातडीला लागून झोंबते, खाज सुटते, पांढरं दह्यासारखं किंवा वास मारणारं पाणी जातं. हे बहुतेक वेळा लघवीच्या पिशवीचं दुखणं नसून योनीमार्गाचं असतं. त्याची तपासणी वेगळी आणि औषध वेगळं. बुरशी असेल आणि तुम्ही लघवीच्या इन्फेक्शनची अँटिबायोटिक घेतली, तर बुरशी आणखी फोफावते. शुगरच्या पेशंटांमध्ये हे फार दिसतं. म्हणून डॉक्टरला नुसतं "जळजळ होते" म्हणू नका, आत जळते की बाहेर, ते सांगा. लाज वाटत असेल तर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या. माझ्याकडे तशा चिठ्ठ्या येतात, मला काही वाटत नाही, डॉक्टरलाही वाटणार नाही.

बायांनाच का?

अंतराचा हिशेब आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू, जो तिथे कोणाला काही करत नाही, तो शौचाच्या जागेपासून थोडं सरकला की मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि चार सेंटिमीटर चढला की पिशवीत. दहातल्या सात-आठ इन्फेक्शनमागे हाच असतो. उरलेल्यांत क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस अशी मंडळी. साधारण निम्म्या बायांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे काउंटरवर माझ्यासमोर दोघी उभ्या असतील तर त्यातली एक.

हे सांगायचं कारण असं, की नव्या लग्नाच्या पोरी येतात त्या रडकुंडीला आलेल्या असतात. सोबत सासू. संबंधांच्या वेळी बाहेरचे जंतू आत ढकलले जातात, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा हे होणं फार नेहमीचं आहे. हा काही गुप्तरोग नाही, नवऱ्याकडून "लागलेला" नाही आणि नवऱ्यानं सोबत गोळ्या घ्यायची सहसा गरजही नसते. संबंधांनंतर उठून लघवीला जावं असं डॉक्टर सांगतात. त्याचा पक्का पुरावा तोकडा आहे, पण खर्च काही नाही आणि तोटाही नाही. शुक्राणू मारणारी जेली किंवा ती लावलेले निरोध वापरत असाल आणि त्रास वारंवार होत असेल, तर ते मात्र डॉक्टरला आवर्जून सांगा. त्यानं धोका वाढतो.

माझी स्वतःची गंमत

एवढं ज्ञान असून मी काय केलं ते ऐका. भंडाऱ्याला पुतणीचं लग्न, मे महिना. हॉलमध्ये दोनशे बाया, बाथरूम एक, आणि त्याच्या नळाला पाणी नाही. पहाटे चारला उठलेली मी, दिवसभरात एकदा गेले असेन. परत जायला लागू नये म्हणून पाणीही नाही. तिसऱ्या दिवशी नागपुरात जळजळ सुरू झाली.

लॅब माझी, डबी माझी, मायक्रोस्कोप माझा. पण कोणी नमुना देईल! कपाटात जाऊबाईच्या उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. बरं वाटलं. उरलेल्या दोन पुढच्या वेळेसाठी ठेवून दिल्या. पाचव्या दिवशी दुपारी तीनला बाहेर आग ओतत होती आणि मी कूलर बंद करून गोधडी मागत होते. उजव्या कुशीत मागच्या बाजूनं असं दुखायचं की श्वास घेववेना. भरती व्हायच्या सकाळी, मुहूर्त साधल्यासारखी, घाबरून ती तिसरी आणि चौथी गोळीही घेतली होती. मग कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, लघवी दिली. रिपोर्ट: नो ग्रोथ, काहीच उगवलं नाही.

गोळ्यांनी जंतू मेला नव्हता, किडनीपर्यंत पोचला होता. पण लघवीत तेवढं औषध उतरलेलं होतं की प्लेटवर तो उगवेना. म्हणजे आजार आहे आणि चोर सापडत नाही. डॉक्टरांनी अंदाजानं सलाईनमधून औषध दिलं, ते लागू पडलं, चार दिवसांनी घरी आले. डॉक्टरीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये काय करता म्हणालात?"

तेव्हापासून काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिला प्रश्न हाच विचारते: गोळी सुरू केली का? कल्चर करायचं असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी. नमुना दिला की दहा मिनिटांनी गोळी घ्या, रिपोर्टची वाट पाहत कळा सोसायची गरज नाही. पण क्रम तोच. पहिल्यांदाच झालेल्या साध्या त्रासात डॉक्टर कल्चर न करताही औषध देतात आणि ते ठीक आहे. मात्र त्रास परत परत होत असेल, ताप असेल, गरोदर असाल, शुगर असेल किंवा आधीच्या औषधानं गुण आला नसेल, तर कल्चर आधी.

डबी कशी भरायची

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मे वाया गेलेले रिपोर्ट इथेच वाया जातात.

डबी लॅबमधूनच न्या, रुंद तोंडाची, सीलबंद, निर्जंतुक. मला आजवर कफ सिरपच्या बाटलीत, होमिओपॅथीच्या बाटलीत आणि एकदा लोणच्याच्या बरणीत नमुना मिळाला आहे. त्या बरणीत वर तेलाचा तवंग होता. बाई म्हणाल्या, "धुतली होती जी, गरम पाण्यानं."

सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली, रात्रभर पिशवीत राहिलेली असते. नाहीतर निदान तीन-चार तासांनंतरची. एवढा वेळ धरवत नसेल, आणि इन्फेक्शनमध्ये धरवत नाहीच, तर जी येईल ती द्या. पण नमुना लवकर यावा म्हणून आमच्या वेटिंगमध्ये बसून तीन बाटल्या पाणी पिऊ नका. मग माझ्याकडे जे येतं ते जवळजवळ नळाचंच पाणी असतं.

आधी हात साबणानं धुवा. डबीचं झाकण उघडून उताणं ठेवा, आतली बाजू वर. डबीच्या आत बोट लावायचं नाही. आता दोन्ही पाय फाकवून बसा. भारतीय बैठकीच्या संडासात हे उलट सोपं जातं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाहेरच्या पाकळ्या बाजूला करा आणि साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा. डेटॉल नको, साबण नको. त्याचा अंश डबीत उतरला तर जंतू तिथेच मरतो आणि रिपोर्ट खोटा येतो. बोटं तशीच ठेवा, सोडू नका. पहिली धार खाली जाऊ द्या, ती दाराशी बसलेले बाहेरचे जंतू धुऊन नेते. मग धार न तोडता उजव्या हातानं डबी समोरून मध्ये आणा, अर्धी भरली की काढून घ्या, उरलेली परत खाली. डबी अंगाला टेकवू नका. झाकण घट्ट लावा.

पाळी चालू असेल तर सांगा. इन्फेक्शनची शंका असताना पाळी संपायची वाट पाहत बसू नये. स्वच्छ कापूस आत लावून नमुना द्या, आणि आम्ही रिपोर्टवर तशी नोंद करतो. नाहीतर लघवीत रक्त पाहून उगाच मुतखड्याची सोनोग्राफी होते.

आता आमच्या गावची खास गोष्ट. डबी भरून स्कूटीच्या डिक्कीत टाकायची, वाटेत भाजी घ्यायची, पोराला क्लासला सोडायचं, मग लॅबमध्ये यायचं. मेमधली नागपूरची डिक्की म्हणजे माझ्या इन्क्युबेटरपेक्षा गरम. ऊब मिळाली की जंतू बघता बघता एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. घरातून निघालेले पाच-पन्नास जंतू माझ्यापर्यंत येईस्तोवर इन्फेक्शनच्या आकड्याला पोचतात, आणि तुम्हाला नसलेल्या आजाराचं औषध मिळतं. दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खाली. तिथे २४ तास चालतं. दुधाच्या पातेल्याशेजारी नको वाटत असेल तर दोन पिशव्यांत बांधून स्टीलच्या डब्यात घाला. प्रवासात डब्यात बर्फाचे चार खडे.

प्लेटवर काय होतं

तार वाकवून केलेलं एक बारीक कडं असतं, त्याला आम्ही लूप म्हणतो. ते लघवीत बुडवलं की त्यात एक मिलिलिटरचा हजारावा भाग येतो, बरोब्बर तेवढाच. तो हिरवट-निळ्या जेलीच्या प्लेटवर पसरवायचा आणि ३७ अंशाला रात्रभर ठेवायचा. सकाळी झाकण उचललं आणि प्लेट पिवळी पडलेली असली की ओळखायचं, बहुधा ई. कोलाय आले. एकेक ठिपका म्हणजे मूळ एक जंतू. शंभर ठिपके मोजले तर गुणिले हजार, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक लाख. रिपोर्टवर तो जो "एक लाख" आकडा दिसतो तो असा येतो. हा लाखाचा दंडक १९५० च्या दशकातला आहे. ज्या बाईला स्पष्ट त्रास होतोय तिच्यात त्याहून पुष्कळ कमी आकडाही खरा असू शकतो, म्हणून आकडा त्रासासोबत वाचायचा.

दुसऱ्या दिवशी त्या जंतूवर औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतो. जिच्याभोवती जंतू उगवत नाही ते औषध "सेन्सिटिव्ह", जिच्या कडेपर्यंत उगवला ते "रेझिस्टंट". म्हणून कल्चरला दोन दिवस लागतात, कधी तीन. काउंटरवर भांडून ते लवकर होत नाही, जंतू आपल्या चालीनं वाढतो.

मी नोकरीला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसायचा. आता आमच्या प्लेटांवर कितीतरी वेळा जंतू त्या चकतीला जाऊन चिकटलेला दिसतो. माझ्यासारख्यांनी दोन-दोन गोळ्या खाऊन कपाटात ठेवल्या, त्याचंही हे फळ. उलट नायट्रोफ्युरँटॉइन, १९५० च्या दशकातलं जुनं औषध, अजून बहुतेकींना लागू पडतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

"पस सेल्स ६ ते ८", म्हणजे पुवाच्या पेशींचा आकडा, पाहून रात्रभर न झोपलेल्या बाया मला ठाऊक आहेत. पाचपर्यंत ठीक मानतात. दहाच्या वर, आणि सोबत त्रास, तर अर्थ आहे. सहा-आठ हा नुसताच आकडा आहे. त्याच कागदावर "एपिथेलियल सेल्स" बघा. त्या भरपूर असतील तर ती बाहेरची कातडी डबीत आली आहे, म्हणजे नमुना नीट घेतला गेला नाही. कल्चरमध्ये "मिक्स्ड ग्रोथ", म्हणजे अनेक जातींचे जंतू एकत्र, लिहून आलं तर तेच समजा, नवी डबी घ्या. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर इन्फेक्शनच्या बाजूचा पुरावा. निगेटिव्ह असलं तरी सुटका नाही, कारण सगळे जंतू नायट्राइट करत नाहीत, आणि करणाऱ्यांनाही पिशवीत चार तास मिळावे लागतात.

औषधांच्या यादीत ज्याच्यापुढे "सेन्सिटिव्ह" आहे ते सगळं तुमच्यासाठी नसतं. यादीत सगळ्यांत खाली महागडी इंजेक्शनं असतात, आणि हमखास कोणीतरी विचारतं, "हे जोरदार दिसते, हेच घेऊ का?" साध्या गोळीनं काम होत असताना ते इंजेक्शन राखून ठेवायचं असतं.

पस सेल्स भरपूर, कल्चरमध्ये काहीच नाही, असं आलं तर पहिला प्रश्न, गोळी आधी घेतली होती का. नसेल आणि पुन्हा तपासूनही तेच येत असेल, तर डॉक्टर मुतखड्याकडे बघतात, आणि आपल्या देशात टीबीकडेही. किडनीचा टीबी नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.

आणि याच्या उलट. त्रास काहीच नाही, पण कल्चर पॉझिटिव्ह. म्हाताऱ्या बायांमध्ये हे पुष्कळ असतं. आमच्याकडे एक लेक दर महिन्याला आईची डबी घेऊन यायची, दर महिन्याला जंतू निघायचा, दर महिन्याला नवी अँटिबायोटिक. आजी ठणठणीत, वर मलाच विचारायच्या, "बाई, मले झालं काय आहे?" त्रास नसताना सापडलेल्या जंतूला सहसा औषध देत नाहीत. मोठे अपवाद दोन, गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या काही ऑपरेशनच्या आधीची वेळ. गरोदर बाईत दहातल्या एखादीला काही न जाणवताही लघवीत जंतू असू शकतात, सोडून दिले तर किडनीपर्यंत जातात आणि बाळही लवकर होऊ शकतं. म्हणून नाव नोंदवतानाच लघवी तपासतात. तेव्हा "मला काही त्रास नाही" म्हणून डबी परत करू नका.

औषध घेताना

मेडिकल स्टोअरवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेऊ नका. २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठी लागते आणि दुकानदारानं वहीत नोंद करायची असते. स्ट्रिपच्या पाठीवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ही खूण आहे. तरी मिळते, हे मलाही माहीत आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिली तर जेवणासोबत घ्या, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी, तपकिरी झाली तर घाबरून माझ्याकडे धावू नका, तो औषधाचा रंग. बहुधा पाच दिवस देतात, पाचही घ्या. फॉस्फोमायसिनची पुडी मिळाली तर ती पाण्यात विरघळवून एकदाच प्यायची असते. एकच डोस कसा, म्हणून दुसरी पुडी स्वतःहून आणू नका. जळजळीसाठी जे सायट्रेटचं सिरप देतात त्यानं आराम पडतो, जंतू मरत नाही. शिवाय लघवी अल्कलाइन झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो, तेव्हा दोन्ही सोबत घ्यायचं का ते विचारून घ्या. दोन दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला तर परत जा, रिपोर्ट सोबत न्या.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, गरोदरपणात यातलं काहीही, म्हाताऱ्या माणसाला त्रासासोबत अचानक भ्रम किंवा ग्लानी: यात सकाळची वाट पाहू नका. आमच्या नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं असोत, जवळचं कोणतंही मोठं हॉस्पिटल असो, त्याच रात्री जा.

परत परत होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवारचं इन्फेक्शन म्हणतात. मग दर वेळी नवी गोळी घेण्यापेक्षा कारण शोधायला हवं. शुगर तपासा. सोनोग्राफी सांगितली तर "लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते" तेही बघायला सांगा. अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशय खाली उतरत असेल, तर लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि त्या उरलेल्या लघवीत जंतू राहतात. हे दुखणं बाया वीस-वीस वर्षं पदराआड लपवतात. पाळी गेलेल्या बायांना तिथली कातडी कोरडी, पातळ होते आणि इन्फेक्शन वाढतं. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजनचं क्रीम असतं, ते वारंवारच्या त्रासात खरंच उपयोगी पडतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बघून देतात, पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

इतवारीतल्या कापडाच्या दुकानात साड्या दाखवणारी एक पोरगी माझ्याकडे वर्षात चौथ्यांदा आली. मी विचारलं, पाणी किती पितेस?

"पाणीच नाही पेत मी ताई. दुकानात बाथरूम नाही ना. मालकीण म्हणते समोरच्या हॉटेलात जा. तिथं सारे माणसं बसून राह्यते."

दहा तास उभी. अशा पोरीला "भरपूर पाणी पी" म्हणून सांगणं म्हणजे थट्टा. पण उपाय दुसरा नाही. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बाया घेतल्या, त्यांतल्या अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं. वर्षभरात त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. तर आम्ही दोघींनी बसून हिशेब केला. घरून निघायच्या आधी दोन ग्लास, दुपारच्या जेवणाला घरी जाते तेव्हा दोन, मध्ये बाटली. आणि दुकानातल्या तिघी मिळून मालकिणीकडे गेल्या. गोदामाच्या मागे एक बंद संडास होता, त्याची किल्ली मिळाली. ती पाचव्यांदा आली ती आईची शुगर तपासायला.

बाकी बारीकसारीक. धुताना पुढून मागे. जेट स्प्रे मागून मारला की पाणी सगळं पुढे आणतं, म्हणून फवारा समोरून धरा. सुगंधी वॉश, पावडर यांची तिथे काही गरज नाही. लागली की जा, "एवढी भाकरी टाकून होऊ दे" करत धरून ठेवू नका. क्रॅनबेरीच्या गोळ्या-रसानं वारंवार होणाऱ्या काहीजणींना फायदा होतो असं दिसलं आहे, पण झालेलं इन्फेक्शन त्यानं बरं होत नाही आणि स्वस्तही नाही. संत्र्याच्या गावात राहून ती हौस करायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि डबीवर नाव लिहाल ते डबीवर लिहा, झाकणावर नाही. सकाळी माझ्यासमोर पंचवीस डब्या उघड्या असतात आणि पंचवीस झाकणं बाजूला.